दहा-आठ

शाळेच्या मैदानावर पांढऱ्या फक्कीने टेनिसचं कोर्ट आखलं. लांबी २३.७७ मीटर, एकेरीची रुंदी ८.२३. टेप पंधरा मीटरचा, म्हणून मध्ये खुंटी ठोकून दोनदा मोजावं लागलं. सातवीच्या पोरी भोवती उभ्या होत्या. खो-खोचं मैदान त्या डोळे मिटून आखतील, हे मात्र त्यांना नवीन. एकीने चालत चारही बाजू मोजल्या आणि म्हणाली, "आमची एक बांधी एवढीच आहे जी." बांधी म्हणजे धानाच्या शेताचा एक तुकडा.

नागपूरहून आणलेल्या दोन जुन्या रॅकेटी आहेत. जाळं व्हॉलीबॉलचं, खाली ओढून बांधलेलं. चेंडू मऊ मातीत पडला की उसळत नाही, बसतो.

*

पोरींनी विचारलं, आपल्याकडची कोणी बाई हा खेळ खेळली का? सानिया मिर्झाचं नाव त्यांना ठाऊक होतं. मी लीला राव सांगितली.

मुंबईची. जन्म १९११चा. १९३४ साली विंबल्डनला एकेरीत सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री. समोर इंग्लंडची ग्लॅडिस साउथवेल. फळ्यावर गुण लिहिले: ४-६, १०-८, ६-२.

"गुर्जी, दहा-आठ म्हंजे कसं?"

या एका प्रश्नात पूर्ण तास गेला.

*

तो तास टिपून ठेवतो. सहा गेम जिंकले की सेट, पण दोनचा फरक हवा. आज सहा-सहा झालं की टायब्रेकर घेतात. विंबल्डनला तो १९७१मध्ये आला. त्याआधी फरक पडेपर्यंत खेळत राहायचं. मग दहा-आठवर सेट संपला, तर आधी काय काय झालं असेल? मी पोरींना उलटं मोजायला लावलं. दहा-आठच्या आधी नऊ-आठ, कारण नऊ-सात झालं असतं तर सेट तिथेच संपला असता. त्याच्या आधी आठ-आठ. त्याच्याही आधी सात-सात, सहा-सहा, पाच-पाच. पाच-पाचपासून चार वेळा दोघी बरोबरीत आल्याच असल्या पाहिजेत. त्या सामन्याला कोणी साक्षीदार राहिलेला नसला तरी हे आकडेच सांगतात.

आणि पहिला सेट लीलाने गमावलेला होता. म्हणजे या चारांपैकी कोणत्याही ठिकाणी तिने ओळीने दोन गेम सोडले असते, तर सामना संपला असता आणि आज फळ्यावर तिचं नाव नसतं.

मागच्या बाकावरून आवाज आला, "मंग दोघी थकल्या नसतीन का जी?" थकल्याच असतील. पण तिसरा सेट ६-२ आहे. कोण जास्त थकलं, तेही आकड्यांतच आहे.

*

पुढच्या फेरीत फ्रान्सच्या इडा अदामॉफने तिला हरवलं. १९३५ला ती पुन्हा गेली आणि पहिल्याच फेरीत हरली. विंबल्डनच्या एकेरीत तिचा विजय हा एवढा एकच. पण घरी, अखिल भारतीय स्पर्धेत, तिने एकेरीचं अजिंक्यपद सात वेळा मिळवलं. हे सात मला त्या एकाइतकेच मोठे वाटतात. सांगताना मात्र सगळे तो एकच सांगतात. मीही वर्गात तेच केलं.

*

लीलाची आई पंडिता क्षमाबाई राव. वेदांचे संशोधक शंकर पांडुरंग पंडित यांची मुलगी. क्षमाबाईंचे वडील गेले तेव्हा त्या अगदी लहान होत्या. पुढे त्यांनी संस्कृतात लिहिलं: गांधींच्या लढ्यावर 'सत्याग्रहगीता', जी १९३२मध्ये पॅरिसला छापली गेली, वडिलांचं चरित्र, तुकारामांचं चरित्र. त्या टेनिसही खेळायच्या. रॅकेट लीलाला घरातूनच मिळाली. आईच्या कथांवरून लीलाने पुढे संस्कृत नाटकं केली. नृत्यावर लिहिलं. मुत्सद्दी हरीश्वर दयालांशी लग्न केलं, जे नंतर नेपाळात भारताचे राजदूत होते.

वडील डॉक्टर, आई विदुषी, मुंबईचं घर. हे पोरींना सांगायचं की नाही, यावर मी थांबलो होतो. सांगितलं. नाही तर 'तिला जमलं, तुम्हाला का नाही' असा अर्थ निघतो, आणि तो खोटा आहे. सात-सातला उभं राहणं तिचं स्वतःचं होतं. तिथवर पोचायचं भाडं घरचं होतं.

*

भाड्यावरून. लीलाच्या काळात विंबल्डनला बक्षिसाचे पैसे नव्हते. खेळाडू हौशी असावा लागे. बोट, मुक्काम, सगळं पदरचं. व्यावसायिकांना दार उघडलं १९६८मध्ये. त्या वर्षी पुरुष विजेत्याला २,००० पौंड आणि महिला विजेत्या बिली जीन किंगला ७५०. रक्कम सारखी व्हायला २००७ उजाडलं.

*

१९९८. ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये कोइमतूरची निरुपमा वैद्यनाथन इटलीच्या ग्लोरिया पिझ्झिकिनीला हरवते. १९६८नंतरच्या खुल्या युगात ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत एकेरीचा सामना जिंकलेली पहिली भारतीय स्त्री.

लीलाच्या विजयाला तेव्हा ६४ वर्षं झाली होती. बी चांगलं होतं. रोवणी झाली नाही.

*

धानाची कापणी सुरू. बांध्यांत पुंजणे, कापलेल्या धानाचे ढीग, दिसायला लागले. एका पोरीच्या घरी चुरण्यासाठी, म्हणजे मळणीसाठी, खळं तयार केलेलं पाहिलं: चोपलेलं, शेणाने सारवलेलं, हात फिरवला तर खडा लागत नाही. आमच्या मैदानापेक्षा शंभरपट चांगलं कोर्ट. सानिया मिर्झाने सांगितलं आहे की लहानपणी हैदराबादला ती शेणाने सारवलेल्या कोर्टांवर खेळली. दक्षिणेत अशी कोर्टं पुष्कळ होती. पोरींना सांगितल्यावर एकीला इतका आनंद झाला की ती लगेच आजीला सांगायला धावली.

सानियाचा जन्म मुंबईचा, खेळ हैदराबादचा. २००७ साली एकेरीत जगात सत्ताविसावी. मग मनगटाने छळलं, शस्त्रक्रिया झाली, आणि ती हळूहळू दुहेरीकडे वळली. याला काही जण उतरण म्हणतात. मला अजिबात पटत नाही. एप्रिल २०१५ला ती दुहेरीत जगात पहिली होती. दुहेरी आणि मिश्र दुहेरी मिळून सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदं. २०२३ला थांबली. शरीराने एक वाट बंद केली तेव्हा तिने दुसरी शोधली आणि तिच्यावर शेवटपर्यंत चालली. याला मी चढण म्हणेन.

*

बार्शीची प्रार्थना ठोंबरे. २०१४च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सानियाबरोबर कांस्य. २०१६च्या रिओ ऑलिंपिकलाही तीच जोडी. पहिल्याच फेरीत चिनी जोडीशी ६-७, ७-५, ५-७. किती थोडक्यात! पण मुंबई नाही, पुणे नाही, भगवंताच्या बार्शीची मुलगी ऑलिंपिकच्या कोर्टावर उभी होती. नकाशात मी पोरींना आधी बार्शी दाखवली, मग आपलं गोंदिया. दोन्हीकडे बोट ठेवून त्या बराच वेळ पाहत होत्या.

*

काल पहिल्यांदा पूर्ण सेट खेळवला. सहा-सहा झालं. मी टायब्रेकर समजावू लागलो, तर दोघीही अडल्या. "नाही जी. लीलाबाईवानी."

सात-सातला चेंडू दिसेनासा झाला.

*

आज एक आली नाही. घरी चुरणा आहे, चार दिवस लागतील. दुसरी एकटी भिंतीवर चेंडू मारत होती. जाताना तिने सांगितलं म्हणून इथे लिहून ठेवतो: ७-७, सर्व्हिस तिची.