शनिवारचे मित्र

१९६१ साली वडिलांची बदली बंगळूरास झाली आणि आम्ही चामराजपेटेत बिऱ्हाड थाटले. १८९२ साली आखलेली ही वसाहत. रस्ते सरळ, शेजार कानडी. कानडीचा आम्हांस गंध नव्हता. म्हणूनच पहिल्या संध्याकाळी दोन मुले अस्सल अलिबागी मराठीत भांडताना ऐकून आईचे डोळे पाणावले. मुले बेने इस्राएल निघाली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कुलाबा जिल्ह्यात ज्यांना शनिवार तेली म्हणत, त्या मराठी ज्यूंपैकी.

मुलांची गट्टी, तर वडिलांचे विळ्याभोपळ्याचे सख्य. एकाचे वडील जुन्या वळणाचे. शनिवारी दिव्याची कळही दाबीत नसत. शनिवारची कचेरी नको म्हणून त्यांनी बढती नाकारली होती. (वाचकांस त्याची किंमत सांगावयास नको.) दुसरे ज्यूइश रिलिजस युनियनच्या मताचे. शिमोग्यास जन्मलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने १९२५ साली मुंबईत निघालेली ही सुधारकी संस्था. तेथे स्त्रीपुरुष शेजारी बसून प्रार्थना करीत. हे गृहस्थ शनिवारी खुशाल कामावर जात आणि म्हणत, "परमेश्वर हजेरीपट ठेवीत नाही." त्यांच्या घरचे अन्न आपल्या मुलाने खावयाचे नाही, असा पहिल्या काकांचा दंडक. तेव्हा दोघे मित्र जेवीत आमच्याकडे. आईचा स्वयंपाक निव्वळ शाकाहारी. तिच्या थालीपिठांवर कोणत्याच पंथाची हरकत चालेना.

१९६२ साली इस्राएलच्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढले, की बेने इस्राएलांचे इतर ज्यूंशी लग्न लावण्यापूर्वी त्यांच्या आईकडील पिढ्यांची चौकशी व्हावी. जुन्या वळणाच्या काकांचे तिकडे जाण्याचे घाटत होते. ज्या धर्मापायी बढती सोडली, त्याचेच अधिकारी विचारीत होते, तुम्ही ज्यू कशावरून? काका कोणाशी बोलेनात. मुलगाही जेवावयास येईना. मित्र रोज त्याच्या फाटकाशी थोडा वेळ उभा राहून परते.

आठवड्याने तो आपल्या वडिलांनाच घेऊन आमच्या ओसरीवर आला. मग दुसऱ्यालाही वडिलांसह यावे लागले. सुधारक काकांचे इंग्रजी उत्तम. ते निषेधाचे पत्र लिहू लागले, दुसरे नावे सांगू लागले: आई, आजी, माहेर पेण, माहेर रेवदंडा. पणजीपाशी ते अडखळले. नाव ठाऊक नव्हते. सुधारक काकांनी टाक खाली ठेवला. म्हणाले, "मलाही माझ्या पणजीचे ठाऊक नाही. पुढचे सांगा."

१९६४ साली इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले, आणि धर्मपीठासही नमते घ्यावे लागले. पुढल्या वर्षी ते कुटुंब निघाले. स्टेशनावर दोघे वडील शनिवारावरून वाद घालीत होते, शिट्टी होईपर्यंत. मुले खिडकीचे गज धरून उभी होती. आईने दिलेला थालीपिठांचा डबा परत कसा पाठवावयाचा, एवढेच काय ते बोलत होती.