उसना तास

टोरांटोला येऊन आम्हा उभयतांना बरीच वर्षे झाली. थंडी अंगवळणी पडली, बर्फ उपसणे जमू लागले. घड्याळे फिरवणे मात्र अजून जमलेले नाही. मार्च महिन्यातील दुसऱ्या रविवारी पहाटे दोनच्या ठोक्याला येथे एकदम तीन वाजतात. हिरावलेला तो तास नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मिळतो, पण बिनव्याजी!

शनिवारी रात्री आमची घरभर फेरी निघते. भिंतीवरचे घड्याळ, उशाशी असलेला गजर, शेगडीवरचे आकडे, मायक्रोवेव्हवरचे आकडे. या शेवटच्या दोघांत नेहमी दोन मिनिटांचे अंतर राहते. समोरासमोर राहूनही त्यांचे कधी जुळले नाही. मोटारीतल्या घड्याळाची कळ तर आम्हाला आजवर सापडलेली नाही. ते वर्षातले चार महिने बरोबर असते, तेवढ्यावर आम्ही समाधान मानतो. दुसऱ्या दिवशी मिस्सा संपता संपता दोन-चार कुटुंबे लगबगीने चर्चमध्ये शिरतात. त्यांना हसण्याचे धैर्य आम्हाला होत नाही. एके वर्षी आम्हीही त्यांच्यात होतो.

२००६ पर्यंत हा बदल एप्रिलच्या पहिल्या रविवारी होत असे. २००७ साली अमेरिकेने तो तीन आठवडे अलीकडे आणला आणि शेजारधर्माला जागून ऑन्टारिओनेही आणला. त्या ११ मार्चला आम्ही घरातली सगळी घड्याळे आठवणीने पुढे केली. राहिले ते एकच, आणि ते वसईला होते.

दर रविवारी सकाळी साडेदहाला आम्ही आईला फोन करीत असू. तेव्हा वसईत रात्रीचे नऊ वाजलेले असत. रोजरी व जेवण आटोपून आई फोनजवळ बसलेली असे. येथली घड्याळे पुढे गेली, की आम्ही साडेअकराला फोन करायचा, म्हणजे तिचे नऊ चुकत नसत. त्या दिवशी सवयीने साडेदहालाच केला. घंटा वाजत राहिली. पुन्हा केला, तिसऱ्यांदा केला. पंच्याहत्तरीची बाई, घरात एकटी. आमच्या हातापायांतले बळच गेले. अखेर शेजारच्या चुलतभावाला फोन केला. तो बिचारा बॅटरी घेऊन वाडीतून धावत गेला.

आई फोनवर आली ती रागावूनच. ती चौथ्या रहस्यावर होती.

"आठ वाजता कसला फोन करता? रोजरी टाकून उठू का मी?"

आम्ही घड्याळांचा सारा उलगडा केला. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मी लहान असताना युद्धात इंग्रजांनीही घड्याळं तासभर पुढे ढकलली होती. कोंबडा काही लवकर आरवला नाही."

तिचे म्हणणे खरे निघाले. १९४२ ते १९४५ या काळात हिंदुस्थानची वेळ तासभर पुढे होती, हे आम्हाला पुढे वाचनात आढळले.

आई आता नाही. तरीही मार्चमधल्या त्या रविवारी साडेदहा वाजले, की आमच्यापैकी एकजण म्हणतोच, "थांब, अजून तिची रोजरी चालू असेल."