बिल मागे घेऊ नका

प्रिय स्किनी पपी,

तुमच्या जुन्या चाहत्यांची तुमच्याबद्दल एक ठरलेली तक्रार आहे : बँड निवळला. आवाज फार स्वच्छ झाला, गाणी सुटसुटीत झाली आणि गायक ओगर चक्क सुरात गायला लागला. 2013 सालच्या 'वेपन' या अल्बमबद्दल तर हे हमखास ऐकू येतं. मला मात्र तुमच्या उत्तरायुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच वाटतं. ते का, हे तुम्हालाच उद्देशून आणि सगळ्यांसमोर सांगावं म्हणून हे पत्र.

1982 मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये सेव्हिन की आणि निवेक ओगर यांनी सुरुवात केली, तेव्हा हाताशी सिंथेसायझर, ड्रम मशीन, टेप आणि भयपटांतले उचललेले संवाद होते. 1986 मध्ये ड्वेन गेटल आला आणि त्या ओबडधोबड सामग्रीला खोली आली. 'टू डार्क पार्क' (1990) आणि 'लास्ट राइट्स' (1992) ऐकताना कान कुठे टेकवावा ते कळत नाही. एका ठेक्यावर दुसरा ठेका चढतो, त्याखालून कुठल्याशा सिनेमातलं कुणीतरी बोलतं आणि ओगरचा आवाज यंत्रांतून इतका पिळून निघतो की शब्द विरघळून फक्त वेदना उरते.

त्या गोंगाटाला एक बाजू होती. 1988 चा 'व्हिव्हिसेक्ट सिक्स' प्रयोगशाळेत जिवंतपणी चिरल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या बाजूने उभा होता. मंचावर ओगर खोट्या कुत्र्याची चिरफाड करून दाखवत असे. त्याच वर्षी सिनसिनाटीत कुणाला तो कुत्रा खरा वाटला, पोलीस आले आणि तुम्हाला अटक झाली. तुम्ही श्रोत्याला प्राण्याची नुसती कीव करायला लावत नव्हता. घटकाभर त्याला त्या टेबलावरच झोपवत होता. पळता येत नाही, थांबवता येत नाही, हे त्याच्या अंगावर येईल अशी तुमच्या ध्वनीची रचना होती. पण श्रोता तिकीट काढून आला होता आणि दार उघडं होतं. तुमची सगळी नैतिकता त्या उघड्या दारावर उभी होती.

ग्वांतानामोत ते दार बंद झालं. अमेरिकी लष्कराच्या त्या तुरुंगात कैद्यांना तासन्‌तास कर्कश संगीत ऐकवून खच्ची केलं जाई. 2009 मध्ये ट्रेंट रेझ्नरसह अनेक संगीतकारांनी या प्रकाराची कागदपत्रं खुली करण्याची मागणी केली होती. त्या कोठड्यांत तुमचंही संगीत वाजवलं गेल्याचं तुम्हाला तिथल्याच एका पहारेकऱ्याकडून कळलं, असं तुम्ही सांगितलंत. तो तुमचा चाहता होता. जे संगीत पिंजऱ्यातल्या जिवाची बाजू मांडायला जन्मलं, तेच पिंजऱ्यातल्या माणसावर सोडलं गेलं होतं. एखाद्या कलावंताच्या कामाची याहून क्रूर उलथापालथ मला माहीत नाही.

तुम्ही अमेरिकी सरकारला बिल पाठवलंत : 6,66,000 डॉलर. परवानगी न घेता संगीत वापरल्याचं. 2014 च्या सुरुवातीला ती बातमी जगभर फिरली. 'व्हिव्हिसेक्ट सिक्स'च्या इंग्रजी नावात रोमन सहा तीनदा दडवणाऱ्या बँडला हा आकडा शोभणाराच होता आणि अनेकांनी तो विनोद म्हणून हसण्यावारी नेला. मला त्यात विनोदापेक्षा हिशेब जास्त दिसतो. छळाचा हिशेब कुणीच मांडायला तयार नसताना तुम्ही तुमच्या वाट्याचा कागद तयार केलात. 'वेपन'च्या मुखपृष्ठावर बिलच छापायचं, असंही आधी तुमच्या मनात होतं. शेवटी वेगळं मुखपृष्ठ आलं, पण नाव 'वेपन' आणि विषय शस्त्रंच राहिली.

आता आवाजाकडे येते. आपला गोंगाट हत्यार म्हणून वापरला गेल्यावर बँडने काय करावं? आणखी मोठा गोंगाट करणं सोपं होतं. ते केलं असतं तर छळ करणाऱ्यांना नवं साहित्य मिळालं असतं. 'वेपन'मध्ये तुम्ही थर उतरवलेत. ठेके मोकळे आहेत, दोन आघातांमध्ये हवा आहे आणि ओगरचा आवाज पुढे येऊन उभा राहतो. 1984 च्या 'रिमिशन'मधलं 'सॉल्व्हंट' तुम्ही इथे नव्याने ध्वनिमुद्रित केलंत. दोन्ही पाठोपाठ ऐकावीत. जुन्यात आवाज ध्वनीच्या चिखलात रुतलेला आहे. नव्यात तोच सांगाडा धुऊन पुसून उजेडात ठेवलाय, आणि बोलणारा कोण, हे लपायला जागाच नाही. 'पॅरागन'मध्ये तर चाल इतकी सरळ आहे की ती गुणगुणता येते. जे संगीत माणसाला चिरडायला वापरलं गेलं, ते पुन्हा माणसाच्या तोंडी बसेल असं करणं, हे मी तुमचं उत्तर समजते.

बदल 'वेपन'पासून सुरू झाला असं मात्र नाही. 1995 च्या ऑगस्टमध्ये ड्वेन हेरॉइनच्या अतिमात्रेने गेला. त्याआधीच बँड फुटला होता आणि 1996 चा 'द प्रोसेस' अवशेषांतून पुरा झाला. 2000 मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनला तुम्ही पुन्हा एकत्र मंचावर आलात आणि 2004 मध्ये 'द ग्रेटर राँग ऑफ द राइट' आला. त्यात संगीतकार मार्क वॉकचा हात होता, चाली होत्या, गाता येणारा ओगर होता. जुनी दाट वीण तिघांची होती. ड्वेनशिवाय ती जशीच्या तशी विणून दाखवली असती, तर ती त्याच्या सहीची नक्कल ठरली असती. तुम्ही ती केली नाहीत, यात मला त्याच्याबद्दलचा आदर दिसतो.

'वेपन'मधली दहाही गाणी सारख्या ताकदीची नाहीत. काही ठिकाणी स्वच्छपणा गुळगुळीतपणाकडे झुकतो आणि ड्वेनच्या काळातला धोका आठवतो. तरीही या वयात, या अनुभवानंतर, तुम्ही पुन्हा 'लास्ट राइट्स' करायला हवा होता असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालेन. तो अल्बम ऐकणाऱ्याला यातनेत ओढतो. 'वेपन' यातना देणाऱ्याकडे बोट दाखवतो. बोट दाखवायचं तर हात स्थिर हवा आणि नाव स्पष्ट ऐकू यायला हवं.

2023 मध्ये निरोपाचा दौरा करून तुम्ही चाळीस वर्षांचा प्रवास थांबवलात. पुन्हा एकत्र या, असं मी म्हणणार नाही. माझी एकच विनंती आहे. तुमचा इतिहास 1992 पाशी थांबवणारे पुष्कळ भेटतील, जुन्या अल्बमांच्या आवृत्त्या निघतील, गौरव होतील. त्या गर्दीत 'वेपन'ला उतारवयातली किरकोळ भर म्हणून मागे पडू देऊ नका. आणि ते बिल मागे घेऊ नका. पैसे मिळोत न मिळोत, ज्यांच्यावर तुमचं संगीत सोडलं गेलं त्यांच्या छळाचा कुणीतरी कलावंत आपल्या नावानिशी जाब विचारतो आहे, ही नोंद त्या कागदावर आहे. ती कायम राहायला हवी.

तुमची,
एक श्रोती