ऐन वेळचा कागद

व्हायव्हाला एक्स्टर्नलने सिलॅबसबाहेरचं विचारलं की आपली जी अवस्था होते, ती हौसेने ओढवून घेणे याला ऑडिशनच्या भाषेत ‘कोल्ड रीडिंग’ म्हणतात. कधीही न पाहिलेला कागद हातात देतात, पाच-दहा मिनिटं वाचायला देतात आणि मग कॅमेऱ्यासमोर उभं करतात. पाठांतराला वावच नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या नऊ वर्षांच्या भाचेबुवांवर हा प्रसंग आला. मी ‘पुरुषोत्तम’ला दोन वर्षं पडद्यामागे लाइट्स सांभाळले, एवढ्या भांडवलावर ताईने मला तज्ज्ञ ठरवलं. म्हणाली, “तूच तयारी करून घे त्याची.”

पहिल्या दिवशी ‘किशोर’च्या जुन्या अंकातली एक नाटुकली त्याच्या हातात दिली. भाचेबुवा ताठ उभे राहिले, उजवा हात वर गेला आणि थेट वक्तृत्व स्पर्धा सुरू झाली. प्रत्येक शब्द स्पष्ट, प्रत्येक वाक्याला शेवटी हेल. कंसातलं ‘रडत रडत’सुद्धा त्याने खणखणीत वाचलं! शाळेत याच वाचनाला त्याला बक्षीस मिळालेलं. त्यामुळे ‘हे चूक’ म्हणायची सोय नव्हती.

मग आम्ही वाचन बाजूला ठेवलं आणि खेळ सुरू केला. ‘मी नाही येणार’ एवढंच वाक्य. चिडून म्हण. घाबरून म्हण. पलीकडच्या खोलीत आजोबा झोपलेत, असं म्हण. यायचं तर आहे पण भाव खायचाय, असं म्हण. पंधरा मिनिटांत वक्तृत्व पळालं.

त्यानंतर नियम ठरले, तीनच. कागद हातात आला की आधी तीन प्रश्न: मी कोण? कोणाशी बोलतोय? मला त्याच्याकडून काय हवंय? दुसरा, कागद छातीशी धरायचा, अंगठा ओळीवर ठेवायचा, खाली बघून वाक्य उचलायचं आणि समोरच्याकडे बघून बोलायचं. समोरचा बोलत असताना कागदात डोकं घालायचं नाही, त्याचं ऐकायचं. तिसरा, अडखळलास तर ‘सॉरी’ नाही, पुढे चालू.

ऑडिशनला समोरची वाक्यं बऱ्याचदा एखादा असिस्टंट अगदी कोरडेपणाने वाचतो. त्याची सवय व्हावी म्हणून माझ्या नांदेडच्या रूम पार्टनरला फोनवर घेतलं. पठ्ठ्याने व्याकूळ आईची वाक्यं मेसचा मेनू वाचावा तशी वाचली. भाचा आधी पोट धरून हसला, मग सरावला.

ताईचं मात्र समाधान होईना. तिला हावभाव ‘बसवून’ हवे होते. तिला म्हटलं, ‘टिंग्या’तला शरद गोयेकर आणि ‘फँड्री’तला सोमनाथ अवघडे आठव. दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण त्यांच्या बोलण्यात कुठे बसवलेलं काही दिसतं का? आणि निवड झालीच तर 2017 चे नियमही लक्षात ठेव: मुलाला दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही आणि कमाईतला निदान 20 टक्के भाग त्याच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत.

आदल्या रात्री अंथरुणात भाच्याने हळूच विचारलं, “मामा, मला नाही घेतलं तर आई रडेल का रे?” सगळ्या तयारीत खरा अवघड प्रश्न हाच होता. मी ताईला हाक मारली आणि म्हटलं, याला तूच उत्तर दे. ती त्याच्या शेजारी बसली, त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, “नाही रे राजा. उंची बघतात, पडद्यावरच्या आईबाबांशी चेहरा जुळतो का बघतात. ते काही तुझ्या हातात नाही.” त्यानंतर तो पाच मिनिटांत झोपला.

पुण्याच्या त्या हॉलबाहेर तीस-चाळीस मुलं होती. बरेच पालक मुलांकडून कागद घोकून घेत होते. आमची ताई बाटलीतलं पाणी पीत गप्प बसून राहिली. हे तिचं खरं कोल्ड रीडिंग! प्रसंग होता हरवलेल्या कुत्रीचा. मुलगा आजोबांना विचारतो, ती परत येईल ना? भाचेबुवा आत गेले, सात मिनिटांनी बाहेर आले आणि म्हणाले, “एकदा अडखळलो, पण पुढे गेलो.”

पुढे फोन काही आला नाही. एक संध्याकाळ तो हिरमुसला, दुसऱ्या दिवशी बॅट घेऊन मैदानावर. माझ्या लक्षात राहिला तो त्या दिवशीचा साताऱ्याकडचा परतीचा प्रवास. एस.टी.ने कात्रजचा बोगदा ओलांडला तरी स्वारी गप्प. मग एकदम म्हणाला, “मामा, त्यांची कुत्री शेवटी सापडली का रे?”

पुढचं पान आमच्याकडे नव्हतं. शिरवळ येईपर्यंत आम्ही तिघांनी मिळून तिला शोधलं.