चांदण्यांचा धडा दिवसा उरकू नकोस

नांदेड,
6 जानेवारी 2026

चि. ताईस,


पत्र पोचलं. दुर्बिणीसाठी इस्लापुरात वर्गणी जमतेय हे वाचून फार आनंद झाला. पण चार ओळींखाली तू लिहिलंस, आठवीचा ‘ताऱ्यांची जीवनयात्रा’ हा धडा दोन तासिकांत उरकला, लेकरांचा पाठ आहे. त्या वाक्यापाशी मी थांबलो ते थांबलोच. कोणती दुर्बीण घ्यावी ते शेवटी सांगतो. आधी हे ऐक.

अगं माय, उरकायला ते काय धुणं आहे? तांबडा राक्षसी तारा, श्वेत बटू, कृष्णविवर हे लेकरं घडाघडा म्हणत असतील. त्यामागं तुझी मेहनत आहे, नाही म्हणत नाही. पण त्यांतल्या एकीला रात्री अंगणात उभं कर आणि विचार, यातला म्हातारा तारा कोणता ते दाखव. ती तुझ्या तोंडाकडं बघत राहील. शाळा सकाळी भरते, संध्याकाळी सुटते आणि चांदण्या त्यानंतर निघतात. एवढ्या एका कारणापायी पिढ्यान्‌पिढ्या आपण आकाश फळ्यावर शिकवत आलो. याची मला चीड आहे, तुला ठाऊक आहे.

अख्खा धडा या महिन्यात रात्री आठला तुमच्या डोक्यावर असतो. मृगाच्या पोटातला बाण तुला ओळखता येतो. त्याच्या खाली एक धुरकट ठिपका आहे, तुमच्याकडच्या अंधारात नुसत्या डोळ्यांनी दिसेल. तो तेजोमेघ, सुमारे 1,300 प्रकाशवर्षं दूर. वायू आणि धूळ गोळा होऊन तिथं आजही तारे जन्मतायत. ते झालं बाळंतघर. डोक्यावर कृत्तिकांचा पुंजका बघ. त्या तरण्या, वय दहा कोटी वर्षांच्या आसपास. आपला सूर्य साडेचारशे कोटींच्या पुढचा, म्हणजे त्यांच्यापुढं किती थोराड! मृगाच्या चौकटीतला तांबूस तारा, ज्याला आपण आर्द्रा म्हणतो, तो म्हातारा. सूर्याच्या जागी ठेवला तर बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ सगळे त्याच्या पोटात जातील. आणि मेलेला हवा असेल तर वृषभाच्या शिंगाच्या टोकाकडं बोट दाखव. 1054 साली चिनी निरीक्षकांनी तिथं दिवसाही दिसणारा तारा नोंदवला होता. तो तारा फुटला होता. त्याचे अवशेष अजून पसरतायत आणि मधोमध एक न्यूट्रॉन तारा सेकंदाला तीसेक गिरक्या घेतोय. डोळ्यांना तो दिसायचा नाही, पण जागा दाखवता येते. जन्म, जवानी, म्हातारपण, मरण, सगळं एका नजरेत! कृत्तिकांकडून आज लेकरांच्या डोळ्यांत शिरणारा प्रकाश निघाला तेव्हा शिवराय जन्मायचे होते, हेही सांग. मग प्रकाशवर्ष म्हणजे काय हे पाठ करावं लागत नाही.

मिरग निघाला की ज्यांचे बाप तिफणी बाहेर काढतात, त्या लेकरांना मृग आकाशात ओळखता येऊ नये? वर्गात विचारून बघ: जूनच्या 7-8 तारखेला मृग लागतो, मग जूनच्या रात्री तो दिसत का नाही? उत्तर असं की तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो, म्हणून मृग दिवसा उगवतो आणि दिवसाच मावळतो. सहा महिन्यांत पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला जाते, तेव्हा रात्री आपलं तोंड मृगाकडं होतं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते याचा याहून चांगला पुरावा इस्लापूरच्या लेकराला कुठला देणार? पेरणीचा हिशोब त्याच्या घरात आहे, तू फक्त तो वर्गातल्या पुस्तकाला जोडून दे.

आपले आबा आठवतात ना? पहाटे गाडी जुंपायची असली की ते घड्याळ बघत नसत, अंगणात येऊन वर बघत. सप्तर्षींना ते म्हातारीची बाज म्हणत आणि शेपटाच्या तिघांना चोर.  किनवट तालुक्यातले गोंड, कोलाम, बंजारे यांच्या घरांतून अशा कथा अजून आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हलकारे हे पंधराएक गोंड गावांतून फिरले, लोकांना आकाशात काय दिसतं ते विचारलं आणि 2013 साली ते प्रसिद्ध केलं. पुढं कोलाम आणि बंजाऱ्यांचंही केलं. मुंबईचे शास्त्रज्ञ ज्या ज्ञानासाठी गावं पालथी घालतात, ते तुझ्या विद्यार्थ्यांच्या आज्यांपाशी आहे. एखाद्या आजीला वर्गात बोलव, मानानं खुर्ची दे.

आता माझ्या मनातली खरी काळजी सांगतो. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारं लायगो-इंडिया उभं राहायचं आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्र सरकारनं त्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असतील. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी 14 सप्टेंबर 2015 रोजी दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळल्याची थरथर टिपली. ती थरथर 130 कोटी वर्षं प्रवास करून आली होती आणि तिनं भुजेच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनहूनही शेकडो पटींनी बारीक होता! तसलं यंत्र आपल्या मराठवाड्यात येतंय. त्यात काम कोण करणार? पुण्या-बंगळुरूची मुलं येतील, खुशाल येवोत. पण आपली लेकरं तिथं नुसती फाटकावर उभी राहिली तर? आज आठवीत असलेली पोर दहा-बारा वर्षांनी तिथं आत हवी. ‘कृष्णविवर’ हा शब्द तिनं दोन गुणांसाठी पाठ केला असेल तर ती तिथवर जाईल असं मला वाटत नाही. 

म्हणून ऐक. 18 तारखेला रविवारी अमावास्या आहे, आकाश सगळ्यांत काळं असेल. पण अमावास्येला लेकरं घराबाहेर पाठवायला लोक कचरतील. त्यांच्याशी भांडू नकोस. आदल्या शनिवारी ने, अंधार तेवढाच असतो. चंद्र सूर्याच्या बाजूला गेला की रात्री दिसत नाही, अमावास्या म्हणजे एवढंच, हे पालकांना मैदानावरच समजावून सांग. प्रत्येक पोरीबरोबर घरचं माणूस हवं. नदीकडं, सहस्रकुंड धबधब्याकडं कुणाला नेऊ नकोस, शाळेचं मैदान पुरे. सतरंज्या, स्वेटर, कानटोप्या घ्या. मोबाइलचे दिवे बंद ठेवायला लाव. आणि तू रात्री एकटी परत जाऊ नकोस. तुझा खोकला गेला का? ते तू लिहिलंच नाहीस.

सप्तर्षी ईशान्येला नऊच्या सुमाराला वर येऊ लागतात. आधी बाज वर येते आणि चोर मागून, खूप उशिरा. जी लेकरं तोवर जागी राहतील ती तुझी पक्की विद्यार्थी समज.

आता दुर्बीण. मोठी आत्ता घेऊ नका. तिची नळी रोखायला येत नाही म्हणून ती कपाटात पडून राहते, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय. दहा पट दाखवणारी, पन्नास मिलिमीटर भिंगाची द्विनेत्री घ्या, जमल्या तर दोन. हात भिंतीला टेकवून स्थिर धरली की सध्या पूर्वेला झळकणाऱ्या गुरूचे चार चंद्र दिसतात, चंद्रावरची विवरं दिसतात. वायव्येला देवयानी दीर्घिकेचा पुसट ढग दिसतो, 25 लाख प्रकाशवर्षं दूरचा. शनीची कडी यातून दिसायची नाहीत. लेकरं त्यांच्यासाठी हट्ट करू लागली की मोठी दुर्बीण घ्या. उरलेल्या पैशांची पोस्टकार्डं घे.

हो, पोस्टकार्डंच! सही मागणाऱ्या मुलांना जयंत नारळीकर सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न पाठव, उत्तर लिहून खाली सही करतो. आणि खरंच उत्तरं लिहीत. 20 मे 2025 रोजी ते गेले. त्यांची ती रीत आपल्याकडं बंद पडू नये. शनिवारच्या रात्रीनंतर प्रत्येक लेकराकडून एक प्रश्न लिहून घे, त्याच्याच अक्षरात, शुद्धलेखन न सुधारता. सगळी पोस्टकार्डं माझ्या पत्त्यावर येऊ देत. मला येतील ती उत्तरं मी देईन, अडेल ती पुण्याला ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेकडं विचारू. पुस्तकाच्या मागचे प्रश्न मात्र त्यात नकोत. लेकरं काय विचारतात त्यावरून तुझा धडा किती झाला ते मला कळेल.

तुझा,
मामा