कोंबड्यांचं देणं

अंगणातल्या कोंबडीचं अंडं फुकटात पडतं, असं पुष्कळांना वाटतं. घरातलं खरकटं, निवडलेल्या धान्यातली कणी, उकिरड्यावरचे किडे, आणि त्या बदल्यात सकाळी खुराड्यात ऊन ऊन अंडं. मीही हिशेब असाच धरून चालले असते, पण नोकरीच्या उमेदीच्या काळात वाई तालुक्यातल्या एका गावात मला आक्का भेटल्या. प्रत्येक अंडं देणाऱ्या कोंबडीमागं एक नकोसा कोंबडा उभा असतो आणि त्याचं काय करायचं हे ठरवल्याशिवाय कोंबड्या पाळणं पुरं होत नाही, ही गोष्ट मी त्यांच्याकडून शिकले. आईवडील, गुरुजन, मोठी माणसं यांच्या ऋणाबद्दल लिहायची आपल्याकडे रीत आहे. चौथी शिकलेल्या या बाईंचं ऋण मला त्याच ओळीत मांडावंसं वाटतं.

नव्वदच्या दशकात माझी त्या गावच्या प्राथमिक शाळेत बदली झाली आणि आक्कांच्या घराची पुढची खोली भाड्यानं मिळाली. मागं परसात सारवलेलं खुराडं, दोनतीन डालगी, चिंचेखाली उकिरडा. दहाबारा कोंबड्या आणि त्यांच्यात कोंबडा एकच. तो एकच का, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नव्हता. मी खाणाऱ्यांपैकीच होते, पण माझी कोंबडी दुकानातून सोललेली, तुकडे केलेली, काळ्या पिशवीतून यायची.

माझी लेक तेव्हा दुसरीत होती. आठवड्याच्या बाजारातून तिनं हट्टानं रंगीत पिल्लं आणली, गुलाबी आणि हिरवी. आक्कांनी एक उचलून हातावर घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई, ह्यातलं जे जगंल ते कोंबडंच निगंल बघा."

"आत्तापासून कसं कळतं?"

"मादी असती तर रुपायाला कुनी इकली असती व्हय?"

आक्कांनी नुसत्या भावावरून जे ओळखलं ते पुढं मी वाचून पडताळलं. अंड्यांच्या पोल्ट्रीसाठी पिल्लं तयार करणाऱ्या उबवणी केंद्रांत पहिल्याच दिवशी नर आणि मादी वेगळे काढतात. माद्या पोल्ट्रीवाल्यांकडे जातात. नर अंडी देत नाही आणि त्या हलक्या अंगाच्या जातीत त्याला मांसही धरत नाही, म्हणून त्याला खाद्य घालणं परवडत नाही. बहुतेक नर तिथंच मारले जातात, काही रंगात बुडवून बाजारात पोरांपुढं येतात. जर्मनीनं २०२२ पासून अशी पिल्लं मारायला बंदी केली. तिथं आता अंड्यातच नर-मादी ओळखून नराचं अंडं उबवणीतून बाजूला काढायची यंत्रं आली आहेत. म्हणजे नको असलेल्या कोंबड्याचा प्रश्न आक्कांच्या परसातला तसाच मोठ्या कारखान्यांतलाही आहे. फरक एवढाच की कारखान्यात तो ज्यांना सोडवावा लागतो त्यांची तोंडं अंडी खाणाऱ्याला कधी दिसत नाहीत.

लेकीची दोन पिल्लं जगली. रंग उतरला, पांढरी पिसं आली, आणि पिसांपाठोपाठ तुरे लाल झाले. कोंबडा ओळखायचा कसा, याची शिकवणी आक्कांनी त्यांच्यावरच घेतली. दीड महिन्यात तुरा रंग धरतो आणि पाय जाडसर दिसायला लागतात. तरीही शंका राहिली तर मानेवरची आणि पाठीच्या शेवटाची पिसं बोटांत धरून बघायची. तलंगेचं, म्हणजे तरण्या कोंबडीचं, पीस टोकाशी गोल असतं, कोंबड्याचं निमुळतं, लांब आणि चकचकीत. आरवण्याची वाट बघायची नाही. तोवर उशीर झालेला असतो, कारण एव्हाना पोरांनी त्याला नाव ठेवलेलं असतं.

आक्कांचा खरा अभ्यास मात्र अंडी बसवण्याच्या वेळेचा होता. माघात एखादी कोंबडी खुडूक झाली की त्या तिच्याखाली दहाबारा अंडी ठेवायच्या. एकवीस दिवसांनी पिल्लं. चैत्राच्या उन्हात अंडी खराब होतात, पावसात पिल्लं गारठून मरतात, म्हणून माघ. हे कारण कुणीही सांगेल. आक्कांचं दुसरं कारण आखाडाचं होतं. फाल्गुनात निघालेला गावठी कोंबडा आषाढात चारपाच महिन्यांचा होतो, किलोसव्वाकिलो भरतो, आणि नेमक्या तेव्हाच गावोगाव लक्ष्मीआई-मरीआईच्या आखाडासाठी कोंबड्याला मागणी असते. श्रावण लागला की कोण विचारतो? पिल्लांत निम्मे नर निघणार हे त्या धरूनच चालायच्या. पक्ष्यांत नर की मादी हे आईच्या गुणसूत्रावरून ठरतं, माणसाच्या उलट, हे मी त्यांना एकदा सांगितलं. त्या हसल्या. "कुनावरनंबी ठरंना. निम्मं त्ये निम्मंच." अंडी बसवतानाच त्यांच्या मनात त्या निम्म्यांची वाटणी झालेली असायची.

आखाड जवळ आला तशी लेकीनं एकदा थेट आक्कांनाच विचारलं, "माझा पांढरा कापणार का?" मी मध्ये काहीतरी गुळमुळीत बोलणार होते. आक्कांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"व्हय. दोन हायेत. एक द्यायचा, एक कापायचा. कंचा कुटं जायाचा ते तू सांग. पन दोनी ऱ्हायचं न्हाईत."

मग त्यांनी एक तांबडी कोंबडी धरून आणली, काखेत दाबली आणि लेकीचा हात तिच्या पाठीवर ठेवला. पाठीचं पीस गेलेलं होतं. उघड्या लालसर कातडीवर नख्यांचे ओरखडे, एक ताजा. आठदहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. त्यांच्यात तिघं झाले की ते आपसांत तुरे फोडतात आणि कोंबड्यांना दिवसभर बडवतात. मग कोंबड्या दाण्याला खाली उतरत नाहीत, अंडी कमी होतात, पाठी सोलवटतात. "ह्यास्नी कोन इचारतंय?" आक्का एवढंच म्हणाल्या. कोंबड्याची दया येते ती माणसाला त्याच्या रुबाबामुळं येते. कोंबडीची उघडी पाठ तिच्या पंखाखाली झाकलेली असते.

लेकीनं दोन दिवस दोघांवर नजर ठेवली. एकाला किडा सापडला की तो कुक् कुक् करून कोंबड्यांना बोलवायचा आणि स्वतः मागं सरायचा. दुसरा खाऊन टाकायचा आणि पोरांच्या पोटऱ्यांवर झेप घ्यायचा. कोंबडा राखताना आक्काही हेच बघायच्या, दाण्याला बोलावतो का, घार दिसली की ओरडतो का, माणसावर येतो का. बोलावणारा पांढरा शेजारच्या वाडीत गेला. तिथल्या घरचा कोंबडा मुंगसानं नेला होता. त्या घरानं बदल्यात एक तलंग दिली.

दुसऱ्याची रात्र मला आठवते. दिवसा पाठलाग करून धरायचा नाही, अंधार पडल्यावर बसल्या जागेवरून हलक्या हातानं उचलायचा, हा आक्कांचा नेम. मग डालग्याखाली ठेवायचा. दाणा द्यायचा नाही, पाणी मात्र ठेवायचं. "भेलेल्या जिवाचं मटान वातड व्हतंय. आनी भेवडवून मारायचं पाप निराळं." सकाळी मुलाणी आले. सुरीची धार त्यांनी अंगठ्यावर पाहिली, ओठ हलवत नाव घेतलं आणि एका हातासरशी काम केलं. आक्का बाजूला उभ्या होत्या. मी दारातून आत वळले तेव्हा त्यांनी मला हाक मारली. "बाई, खानार न्हाई म्हनत असाल तर जावा आत. खानार असाल तर हितं हुबं ऱ्हावा." मी उभी राहिले. कुणी हसलं नाही, कुणी फोडणीच्या गोष्टी काढल्या नाहीत. मुलाण्यांचा वाटा बाजूला काढून झाल्यावरच चूल पेटली.

लेक जेवली नाही. आक्कांनी तिच्यापुढं पिठलं-भाकरी ठेवली आणि तिला एका शब्दानं आग्रह केला नाही. ती आजही मांसाहार करत नाही. पुढं मी हे आक्कांना सांगितलं तर म्हणाल्या, "ठरवलं न्हवं तिनं? झालं तर मग."

न ठरवणं मात्र त्यांना खपत नसे. मांढरदेवच्या काळूबाईची यात्रा पौषी पौर्णिमेची. नवसाला कोंबडा मागायला माणसं आली की आक्का सरळ भाव सांगून विकायच्या, तो कशाला चाललाय हे माहीत असून. २००५ च्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन शेकडो भाविक गेले, आणि त्यानंतर गडावर पशुहत्येला बंदी आली. पुढं एकदा मी भेटायला गेले असताना गावातलं एक घर नवसाचा कोंबडा डोंगरावर जिता सोडून आल्याचं कानावर आलं. घरची माणसं पुण्य केल्यासारखं सांगत होती. आक्का फटकन म्हणाल्या, "सोडला कुटं? कुत्र्याला घातला. नुसतं आपल्या डोळ्यांदेखत न्हाई घातला, येवढंच." परसातला कोंबडा रानात एक रात्र काढत नाही, हे त्या घरालाही ठाऊक होतं.

साताऱ्याजवळ आम्ही घर बांधलं तेव्हा आक्का एसटीनं आल्या. मांडीवर टोपली, तीत खुडूक कोंबडी, आणि पदराच्या घडीत भुश्शात गुंडाळलेली अंडी. पैशाचं नाव काढलं तर रागावल्या. "पैकं नगं. रगत बदलायला कोंबडा द्या म्हंजी झालं." त्याच त्या रक्तात कोंबडा लावत गेलं की पिल्लं अशक्त निघतात, अंडी फुसकी ठरतात, म्हणून दर दोनतीन वर्षांनी घराघरांत कोंबडे बदलायचे. त्या दिवसापासून माझ्या अंगणातला निवडक कोंबडा त्यांच्याकडे आणि त्यांचा माझ्याकडे, असा व्यवहार सुरू झाला. आक्का गेल्यानंतर त्यांच्या सूनबाईंनी तो चालू ठेवला. हे देणं फिटावं अशी आमच्या दोघींचीही इच्छा नाही.

वस्ती वाढली तशी पहाटेच्या आरवण्याबद्दल शेजाऱ्यांची कुरकुर सुरू झाली. खुराड्यावर गोणपाट टाका, असा सल्ला मिळाला. कोंबडं झाकलं म्हणून आरवायचं राहत नाही. २०१३ मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की कायम मंद उजेडात ठेवलेला कोंबडाही शरीरातल्या घड्याळानं पहाटेच्या वेळेला आरवतो. मी शेजाऱ्यांशी बोलून कोंबडा गावी सूनबाईंकडे पाठवला. आता माझ्याकडे नुसत्या कोंबड्या आहेत. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही, तो पिल्लांसाठी लागतो. तलंगा मी वाडीतून विकत आणते. पण प्रत्येक तलंगेचा एक भाऊ कुणीतरी दुसऱ्यानं निस्तरलेला असतो, हे आक्कांनी शिकवल्यामुळं मी भावात घासाघीस करत नाही.

परसात कोंबड्या पाळायच्या विचारात असाल तर आक्कांच्या वतीनं एकच सांगते. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवण्याआधी निम्मे कोंबडे निघणार हे धरा, आणि कुठला राखायचा, कुठला द्यायचा, कुठला ताटात जायचा हे घरातल्या पोरांसकट सगळ्यांदेखत ठरवा. तेवढं ठरवायची तयारी नसेल तर अंडी बसवू नका. विकतच्या तलंगा आणा, आणि त्यांच्या भावांचं ज्यानं केलं त्याला योग्य ते पैसे द्या.