मामांचे कान

मामा पुणे-मिरज मार्गावर मालगाडीचे ड्रायव्हर होते. फायनल इयरच्या जोशात मी त्यांना ऐकवलं, "तुमचं डब्ल्यूडीजी-३ए ३१०० अश्वशक्तीचं, डब्ल्यूडीजी-४ ४००० चं. विषय संपला!"

मामा हसले. "अरे इंजिनिअर, गाडी जागची हलवायला आधी पकड लागते."

वही काढली. वजनं जवळपास सारखीच, १२३ आणि १२६ टन. सुरुवातीची ओढ मात्र सुमारे ३८ विरुद्ध ५३ टन! एसी मोटर आणि चाकांची घसरण क्षणोक्षणी आवरणारा कॉम्प्युटर, ही त्यांची किमया.

शिंदवणे घाटात, भर पावसात मामा हेच कानांनी करायचे. आवाज बदलला की नॉच कमी, रुळांवर वाळू.

"कॉम्प्युटर चांगलाच रे," मामा म्हणाले, "पण आता माझे कान कोण विचारणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी वही मिटली आणि म्हटलं, "मामा, तो आवाज नेमका कसा असतो?"